एकदाच वापरायचे हीट पॅक : तापमान आटोक्यात कसं ठेवता तुम्ही?

निवांत (सोमवार, रात्री १०:४२)

वेष्टन फोडलं की आपोआप तापणारी ती छोटी पाकिटं असतात ना, हँड वॉर्मर म्हणा की हीट पॅक, त्यांच्याबद्दल विचारायचंय. आधी झालेला घोळ सांगते.

बाबा ७६ वर्षांचे. मधुमेह जुना, पाय कायम गारठलेले. दोन मोजे घातले तरी रात्री "पाय गार पडलेत गं" सुरूच. घरात हातात धरायची दोन-चार पाकिटं पडून होती. एक उघडलं, तळहातावर धरून पाहिलं, छान कोमट लागलं. मग आतल्या आणि बाहेरच्या मोज्याच्या मध्ये सरकवलं आणि वरून रजई घातली. बाबा म्हणाले, "आता कसं बरं वाटतंय." सकाळी मोजा काढला तर घोट्याच्या वर शर्टाच्या बटणापेक्षा थोडा मोठा लालभडक डाग आणि मधोमध टरारलेला फोड. बाबांना पत्ताच नव्हता. रात्रभर शांत झोपले होते ते!

डॉक्टरांनी ड्रेसिंग केलं. दिसते त्यापेक्षा जखम खोल आहे, भरायला वेळ लागेल, असं म्हणाले. मला खातंय ते हे की मी हाताला लावून तपासलं होतं. हाताला कोमट आणि पायाला फोड, हे कसं काय? नंतर वेष्टन नीट वाचलं तर बारीक अक्षरात "कमाल ६५°, सरासरी ५३°, १० तास". ६५ अंशांची वस्तू अंगाजवळ ठेवायचीच कशी? आणि ते कमी-जास्त करायची काही सोय असते का? बटण नाही, काही नाही. "वापरूच नका" हेही उत्तर चालेल, पण का ते सांगा.

शंकासूर (सोमवार, रात्री १०:५८)

बापरे. बाबांना लवकर बरं वाटो. मी तर पायजम्याच्या खिशात घालून झोपतो. वाचतोय.

अण्णा चष्मेवाले (सोमवार, रात्री ११:१५)

ताई, गरम पाण्याची पिशवी आम्ही जन्मभर वापरली. फडकं गुंडाळायचं आणि ठेवून द्यायची. या पाकिटाला फडकं गुंडाळलं असतं तर काही झालं नसतं. उगाच शास्त्र कशाला काढायचं त्यात?

रसायनवाला (मंगळवार, सकाळी ७:०५)

अण्णा, शास्त्र काढावंच लागेल, कारण पाण्याची पिशवी आणि हे पाकीट यांचे स्वभाव उलटे आहेत. पिशवी भरली त्या क्षणी सगळ्यात गरम, मग निवतच जाणार. चूक झालीच तर पहिल्या अर्ध्या तासात, आणि तेव्हा माणूस बहुधा जागा असतो. पाकीट उघडलं तेव्हा गार, मग चढत जातं, आणि तासन् तास तिथेच राहतं. निवांतताईंच्या तळहाताने चढावाच्या पहिल्या पायरीवर तपासलं. पाकिटाला पुरतं तापायला पंधरा मिनिटं ते अर्धा तास लागतो. शिवाय तळहात उघड्या हवेत होता आणि तिथे रक्त भरपूर खेळतं, ते ऊब वाहून नेतं.

आत असतं काय? लोखंडाची बारीक भुकटी, थोडं पाणी, मीठ, सक्रिय कोळसा आणि पाणी धरून ठेवायला व्हर्मिक्युलाइटसारखं काहीतरी. बाहेरचं वेष्टन फाडलं की हवा आत शिरते आणि लोखंड गंजू लागतं. खिळा गंजतो तेच, पण खिळ्याला महिने लागतात आणि इथे भुकटीचा पृष्ठभाग अफाट असतो, जोडीला मीठ घाई करतं. म्हणून काही तासांत काम आटोपतं. या प्रकारचं पाकीट १९७८ मध्ये जपानमध्ये 'होकारोन' या नावाने बाजारात आलं आणि घरोघरी पोचलं.

आता मुद्द्याचं. एक ग्रॅम लोखंड पूर्ण गंजलं तर साधारण ७ किलोज्यूल उष्णता निघते. पाकिटात २० ग्रॅम लोखंड आहे आणि ते दहा तास पुरतंय असं धरा. हिशोब करा, सरासरी ४ वॅट येतात. म्हणजे बाबांच्या मोज्यात ४ वॅटचा हीटर होता, थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला आपोआप थांबवणारी सोय) नसलेला. तो किती *तापमानाला* जाईल हे लोखंड ठरवत नाही. ती ऊब बाहेर किती सहज निसटते, त्यावर ते ठरतं. टेबलावर ठेवलं तर हवेत निसटते. रजईखाली निसटायला वाट नाही, मग उरतो एकच रस्ता, पायात.

त्यामुळे वेष्टनावरचा ६५ हा आकडा खोटा नाही आणि पुरेसाही नाही. जपानमध्ये या पाकिटांसाठी जेआयएस एस ४१०० नावाचं मानक आहे. कमाल, सरासरी आणि किती तास ४० अंशांच्या वर राहतं, हे तीन आकडे ठरलेल्या मांडणीवर मोजतात. त्या मांडणीत तुमचे बाबा नव्हते, रजई नव्हती.

बटण नाही म्हणता, पण एक बटण आहे. हवा. आतल्या पाकिटाच्या कापडाला सुईच्या टोकाहून बारीक छिद्रं असतात. किती ऑक्सिजन आत जाईल हे कारखान्यात त्या छिद्रांनीच ठरवलेलं असतं. पाकीट हवाबंद झिपच्या पिशवीत घातलं आणि पिशवीतली हवा दाबून काढली की आहे तेवढा ऑक्सिजन संपतो आणि काम थांबतं. पुन्हा काढलं की पुन्हा सुरू. उलट, हलवलं किंवा चुरगाळलं की आतला गोळा फुटतो, कोरी भुकटी हवेला लागते आणि तापमान उडी मारतं. "थोडं थंड वाटतंय, हलवून बघू" करताना हे ध्यानात असू द्या.

शंकासूर (मंगळवार, सकाळी ७:३१)

मग अर्ध्या छिद्रांवर चिकटपट्टी लावली तर अर्धं गरम?

रसायनवाला (मंगळवार, सकाळी ७:४४)

करून पाहिलंय. कमी होतं, पण अर्धं होत नाही. आणि जिथे हवा लागते तिथली भुकटी जोरात चालते, पट्टीखालची मंद. म्हणजे एकाच पाकिटात एक कोपरा तापलेला, एक कोपरा गार. सरासरी उतरली म्हणून त्या कोपऱ्याखालची कातडी खूश होत नाही. सपाट आणि सारखी ऊब हवी असेल तर मुळातच कमी तापमानाचा माल घ्यावा. कंबरेला किंवा मानेला बांधायचे पट्टे मिळतात, त्यातले काही साधारण ४० अंश आणि ८ तास एवढ्यासाठीच बनवलेले असतात. त्यात एक मोठं पाकीट नसून अनेक छोट्या टिकल्या असतात. आणि बुटात घालायचं पाकीट बाहेर काढून हातात किंवा कमरेला वापरू नका. बुटात हवा कमी असते, तेवढ्या हवेतही चालावं म्हणून ते मुळात जास्त तरतरीत केलेलं असतं. मोकळ्या हवेत ते नको तितकं तापतं.

रात्रपाळी (मंगळवार, सकाळी ९:२०)

नर्स आहे, ड्यूटीवरून आत्ताच घरी आले. झोपायच्या आधी लिहिते, कारण अशी घोट्याची जखम मी पुष्कळदा पाहिली आहे आणि प्रत्येक वेळी घरचे हेच म्हणतात, "आम्ही हात लावून पाहिलं होतं."

हात लावून तपासण्याने फक्त आत्ता चटका बसतो का तेवढं कळतं. भाजणं हे तापमान आणि वेळ या दोघांचं मिळून काम आहे. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी १९४७ मध्ये डुकरांच्या आणि माणसांच्या कातडीवर हे मोजलं. ४४ अंशाला कातडीचं कायमचं नुकसान व्हायला साधारण ६ तास लागतात. तिथून ५१ अंशांपर्यंत एकेक अंश वाढला की वेळ जवळपास निम्मी होत जाते. ४५ ला ३ तास, ४६ ला दीड. ६० ला काही सेकंद. म्हणजे ४४ अंश हे "कोमट, बरं वाटतंय" असलं तरी सहा तासांची झोप लागली की तेच भाजणं. उकळतं पाणी सांडलं तर माणूस पाय ओढून घेतो. इथे ओढत नाही, म्हणून वरून टिकलीएवढं दिसतं आणि आत खोलवर गेलेलं असतं. तुमच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं.

आपल्या कातडीतला उष्णता ओळखणारा टीआरपीव्ही१ हा ग्राही साधारण ४३ अंशांच्या आसपास जागा होतो. (तो शोधल्याबद्दल डेव्हिड ज्यूलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं.) म्हणजे धडधाकट माणसाची धोक्याची घंटा आणि नुकसानाची सुरुवात यांत एखाददुसऱ्या अंशाचाच फरक. मधुमेहाने नसा बधिर झाल्या की ती घंटाच बंद. पक्षाघात झालेली बाजू, मणक्याची दुखापत, ऑपरेशनसाठी बधिर केलेला पाय, झोपेची गोळी किंवा दारू घेतलेला माणूस, सांगता न येणारं तान्हं बाळ, या सगळ्यांचं तसंच. यांच्या अंगाला लोखंडाचं पाकीट लावायचंच नाही. कितीही घड्या घाला. काही पट्ट्यांच्या वेष्टनावर तर ५५ वर्षांवरच्यांनी कपड्याच्या वरूनच लावावं आणि झोपेत लावूच नये, असं छापलेलं असतं. वाचतं कोण?

अण्णा, फडक्याबद्दल. फडकं हवंच, पण त्या भागावर वजन पडलं तर त्याचा उपयोग निम्मा. पाकिटावर झोपलं, किंवा पट्टा करकचून बांधला, की तिथलं रक्त दाबलं जातं. ऊब वाहून नेणारं रक्तच नाही, मग ती साठते. त्यामुळे पाकीट पाठीखाली नको, मांडीखाली नको, घट्ट मोज्यात नको.

आणखी तीन गोष्टी, ज्या लोकांना माहीत नसतात. औषधाची पट्टी अंगावर असेल, विशेषतः फेंटानिलसारख्या कडक वेदनाशामकाची, तर तिच्यावर किंवा जवळ शेक द्यायचाच नाही. गरम कातडीतून औषध जास्त वेगाने रक्तात जातं, श्वास मंदावण्यापर्यंत मजल जाते. आणि दुखऱ्या जागी झणझणीत मलम चोळून त्यावर पाकीट बांधू नका. मिरचीतलं कॅप्सेसिन वर सांगितलेल्या त्याच ग्राहीला चिथावतं. आधीच आग होत असते, मग खरी आग कुठली ते कळेनासं होतं.

तिसरी गोष्ट ऑक्सिजन. घरी ऑक्सिजनची नळी लावलेला रुग्ण असेल तर पाकीट त्याच्यापासून लांब ठेवा. रसायनवाल्यांनी सांगितलं ना, बटण म्हणजे हवा. ती छिद्रं साध्या हवेतल्या २१ टक्के ऑक्सिजनच्या हिशोबाने केलेली असतात. ऑक्सिजन वाढला की सगळा हिशोब कोसळतो. १९९६ मध्ये जपानमध्ये उच्च दाबाच्या ऑक्सिजन उपचाराच्या बंद पेटीत रुग्णाबरोबर असं एक पाकीट आत गेलं आणि पेटीचा स्फोट झाला. माणसं दगावली.

निवांत, बाबांचा फोड फोडू नका आणि रोज दोन्ही पाय, तळवेही, उजेडात बघा. पुढे कधी असं झालं आणि लगेच लक्षात आलं, तर वाहत्या साध्या गार पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ नाही, मलम नाही, टूथपेस्ट तर नाहीच नाही.

अण्णा चष्मेवाले (मंगळवार, सकाळी १०:०२)

फडक्याबद्दल शब्द मागे घेतो. पट्टीचं माहीत नव्हतं. आमच्या घरात एकाच्या पाठीवर असते ती पट्टी. आजच सांगतो.

दगडधोंडे (मंगळवार, दुपारी १:१८)

इथे सगळे जास्त तापण्याबद्दल बोलताय. आमचं दुखणं उलटं. उंचावर ही पाकिटं तापतच नाहीत. साधारण साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, म्हणजे ऑक्सिजनही निम्मा. त्यात जाड हातमोजा घट्ट बसलेला. पाकीट मेलं समजून लोक दुसरं उघडतात. मेलेलं नसतं, गुदमरलेलं असतं. मोज्यातून काढून दोन मिनिटं मोकळ्या हवेत हलवलं की जागं होतं. पण जागं झालेलं पाकीट लगेच बोटांवर दाबू नका, वर सांगितलेली उडी तेव्हाच येते.

हिमदंशाचा संशय असेल, बोट पांढरं, कडक, संवेदना गेलेली, तर पाकीट मुळीच लावू नका. कळत नाही तिथे ५०-६० अंशांची कोरडी वस्तू टेकवायची म्हणजे गोठलेलं बोट भाजून काढायचं. ते ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यातच सोडवायचं, तेही पुन्हा गोठणार नाही अशी खात्री असेल तरच. आणि माणूसच थंडीने गळपटला असेल तर पाकिटं काखेत, छातीवर, पाठीवर, कपड्याच्या थरावरून. हातापायांना नाही. दर वीस-तीस मिनिटांनी कपडा उचलून कातडी बघायची. चार-चार वॅटच्या पाकिटांनी माणूस तापत नाही हो. ओले कपडे काढणं, वारा अडवणं, जमिनीपासून वेगळं करणं, हे आधी.

मनीमाऊ (मंगळवार, दुपारी ४:४०)

मी आईविना सापडलेली पिल्लं सांभाळते. मांजराच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात भोवती २९ ते ३२ अंश लागतात, स्वतःची ऊब त्याला धरता येत नाही. आमच्यात नवे स्वयंसेवक पाकीट टॉवेलमध्ये गुंडाळून पिल्लू वर ठेवतात. पिल्लू हलू शकत नाही, चिकटून पडतं, पोट भाजतं. नियम एकच. खोक्याच्या अर्ध्या भागातच ऊब, उरलेला अर्धा गार. पिल्लाला सरकता आलं पाहिजे. माणसांनाही लागू होतं बहुतेक, पाय काढून घेता येईल अशी जागा.

आणि बंद डब्यात पाकीट घालून जनावर पाठवू नका. ते ऑक्सिजन *खातं*. भोकं नसलेल्या डब्यात पाकीटही विझतं आणि आतला जीवही.

निवांत (बुधवार, रात्री ९:१५)

सगळ्यांचे आभार. रात्रपाळी, तुमचं वाचून रडू आलं आणि मग डोकं चालायला लागलं. आज सुट्टी होती, मोजून पाहिलं.

ताप मोजायचा थर्मामीटर यात निकामी आहे, ४२-४३ ला संपतो. कपाळावर रोखायचा तर आतल्या आत आकडा फिरवून शरीराचं तापमान दाखवतो. धाकट्याच्या फिशटँकला वायरवाला डिजिटल थर्मामीटर आहे, टोकाला छोटा काळा प्रोब. तो माझ्या पोटरीवर चिकटपट्टीने लावला, वर पातळ मोजा, वर पाकीट, वर दुसरा मोजा. बाबांचीच मांडणी, फक्त पाय माझा आणि मी टक्क जागी. दहा मिनिटं, ३९. पंचवीस मिनिटं, ४३.६. इथे खरं सांगते, मला अतिशय सुखाचं वाटत होतं. तेच भीतीदायक होतं! मग रजई ओढली. अजून पंधरा मिनिटांत ४६.१. आता चुरचुरायला लागलं, काढलं. कातडीवर गुलाबी चौकोन उमटला होता, तासाभरात गेला.

मग दुसऱ्या पायावर टॉवेलच्या चार घड्या कातडीच्या बाजूला, पाकीट वर, त्यावर काहीही नाही. तासभर ३८-३९ च्या मध्ये डुलत होतं. आणि गंमत बघा, त्याच चार घड्या ठेवून रजई घेतली तर ४१ झालं आणि थांबायचं नाव नाही. म्हणजे रात्री झोपताना घड्या वाढवत बसण्यात अर्थच नव्हता.

रसायनवाला (बुधवार, रात्री १०:०३)

याला म्हणतात मोजणं. तुमचे आकडे तुमच्या पाकिटाचे, तुमच्या पोटरीचे. दुसऱ्या कोणी तेच धरून चालू नये. पण दिशा बरोबर आहे. थर *कातडी आणि पाकीट यांच्या मध्ये* असेल तर उपयोग, पाकिटाच्या *पलीकडे* असेल तर अपाय. मधला थर उबेचा वेग कमी करतो, पलीकडचा थर तिची पळवाट बंद करतो. लोक नेमकं उलटं करतात, पातळ मोज्यावर पाकीट आणि वरून जाडजूड गोधडी.

प्रोब नेहमी कातडीला टेकलेला हवा. पाकिटाला लावून ५५ आलं म्हणून घाबरू नका आणि बाहेरच्या कपड्याला लावून ३५ आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. धडधाकट, जाग्या माणसाने कातडीजवळ ४० च्या आसपास ठेवलं, ४३ दिसताच काढलं, तर माझ्या मते ठीक. लांब शेक हवा तर त्याहून खाली.

शंकासूर (बुधवार, रात्री १०:२०)

ती आत पारदर्शक द्रव आणि धातूची चकती असलेली पिशवी असते, टिचकी मारली की पांढरी होऊन तापते, ती बरी का मग?

रसायनवाला (बुधवार, रात्री १०:४१)

त्या एकदाच वापरायच्या नसतात, उकळत्या पाण्यात ठेवून पुन्हा द्रव करता येतात. पण प्रश्न चांगला आहे, कारण तिला निसर्गाने दिलेला थर्मोस्टॅट असतो. आत सोडियम अ‍ॅसिटेट. त्याचे स्फटिक ५८ अंशांना वितळतात, म्हणून गोठताना निघणाऱ्या उबेने पिशवी त्याच्या वर जाऊच शकत नाही. तिथे पोचली की गोठणंच थांबतं. पाणी जास्त घातलं की ही मर्यादा आणखी खाली येते. नवजात बाळांना हलवताना खाली घालायच्या गाद्या याच तत्त्वावर केलेल्या असतात. पण तिथेही एक खाच आहे. सुरुवात कुठून केली यावर शेवट ठरतो. निघणारी ऊब सुरुवातीच्या तापमानात मिळवायची असते, त्यामुळे तापलेल्या गाडीत पडलेली गादी चालू केली तर ती गार खोलीतल्या गादीपेक्षा वर जाणार.

तिसरा प्रकार म्हणजे आतली पाण्याची थैली मुठीने फोडायची आणि मीठ विरघळून तापायचं, कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम सल्फेट. याला हवा लागतच नाही, म्हणून थांबवताही येत नाही. पहिल्या मिनिटात उसळी, मग उतरण. फोडल्याफोडल्या अंगाला लावू नका, इतकंच.

रात्रपाळी (गुरुवार, सकाळी ८:५०)

गादीचा विषय निघाला म्हणून. घरी कोणी बाळासाठी यातलं काही करू नका. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ मध्ये राहायला हवं आणि ते राखायला सगळ्यात चांगलं यंत्र म्हणजे आईची उघडी छाती, वरून पांघरूण, डोक्याला टोपी. आई ४४ अंशांची होत नाही.

निवांत (शुक्रवार, रात्री ९:५०)

शेवटचं सांगते, मग धागा तुमचा. बाबांच्या अंथरुणात झोपायच्या अर्धा तास आधी पायाकडे दोन पाकिटं ठेवते. ते आत शिरायच्या आधी दोन्ही बाहेर काढते, मोजून दोन, आणि झिपच्या पिशवीत घालते. दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा चालतात, थोडी मंद. बाबा म्हणाले, "म्हणजे अंथरूण शेकायचं आणि मी बघत बसायचं?" पण रात्री पाय गार पडल्याची तक्रार आली नाही. लोकरीचे सैल मोजे आणलेत, आधीचे घट्ट होते. जखम कोरडी पडतेय.

शंकासूर (शुक्रवार, रात्री १०:१२)

एक विचारू का? हे सगळं वाचून काल उजेडात मांडी बघितली. ज्या बाजूच्या खिशात पाकीट असतं तिथे जाळीसारखे तपकिरी पट्टे आहेत. दुखत नाही, खाजत नाही. किती दिवसांपासून आहे माहीत नाही.

रात्रपाळी (शुक्रवार, रात्री १०:१९)

फोटो इथे टाकू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. रोज थोडी थोडी ऊब एकाच जागी महिनोन् महिने लागली की अशी जाळी उमटते, एरिथिमा अ‍ॅब इग्ने म्हणतात. फोड येत नाही म्हणून कोणी लक्ष देत नाही. शेक बंद केला तर बहुधा हळूहळू फिकट होतं, लवकर लक्षात आलं तर. पाकीट आत्ता कुठे आहे?

शंकासूर (शुक्रवार, रात्री १०:२१)

खिशात. काढतो.